रेंजचा दगड

आमच्या शाळेच्या मागे माळ आहे. माळाच्या वरच्या टोकाला काजूची दोन जुनी झाडं आणि त्यांच्यामध्ये बाजल्याएवढा जांभा दगड. २०२० च्या पावसाळ्यात मुलांनी त्याला ‘रेंजचा दगड’ असं नाव दिलं, आणि आज मोबाईलचा टॉवर उभा राहिल्यावरही तेच नाव चालू आहे. वाडीत व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहायचा. या दगडावर चढलं की दोन कांड्या यायच्या.

मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वाळपईहून बसने पाऊण तास. तेव्हा पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं होती आणि शिक्षिका मी एकटी. मार्चमध्ये शाळेला कुलूप लागलं ते लागलंच. जूनपासून मी रोज सकाळी धड्याचे छोटे व्हिडिओ पाठवायचे आणि दर मंगळवारी झेरॉक्स केलेले अभ्यासाचे कागद घेऊन स्वतः गावात जायचे. सतरा मुलांत दिवसा घरी राहणारे फोन सहा. बाकीचे फोन बापाच्या खिशातून होंडा गावातल्या कंपनीत शिफ्टला जायचे. त्यामुळे एका फोनवर तीन-तीन, चार-चार मुलं, आणि तीही सगळी त्या एका दगडापाशी.

मी जे सांगणार आहे ते या मुलांच्या सर्दीबद्दल. विषय किरकोळ वाटेल. त्या वर्षी तो किरकोळ नव्हता.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी मी माळावर गेले तेव्हा पिवळ्या छत्रीची मुलगी शिंकत होती. दुसरीतली. नाक वाहत होतं, पण खेळत होती, हसत होती, ताप नव्हता. शनिवारी एका आईचा फोन आला, तिच्या दोघांनाही तेच. पुढच्या मंगळवारी मोजलं तर नऊ मुलं. त्यानंतर आणखी दोन. सतरांतली अकरा.

तेव्हाची भीती आता आठवायला बसलं तरी अंगावर येते. एप्रिलमध्ये गोव्यात करोनाचा एकही रुग्ण उरला नाही म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला होता. मग जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोर हिलमधल्या रुग्णांची बातमी आली आणि त्याच महिन्यात आमच्याच तालुक्यातलं मोर्ले कंटेन्मेंट झोन झालं. पत्रे, बांबू, पोलीस. त्यानंतर आमच्या गावात कोणी शिंकलं तर शेजारची खिडकी बंद व्हायची. एका घरातल्या माणसांना दुकानदाराने पायरीखालीच उभं केलं, सामान पिशवीतून लांबून सरकवलं. त्या घरातल्या मुलाला फक्त सर्दी होती. पिवळ्या छत्रीच्या मुलीची आई मला फाटकापाशी येऊन हळूच म्हणाली, “बाई, कोणाक सांगूं नाकात.”

मी सांगितलं. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना फोन केला, कारण अकरा मुलं म्हणजे लपवण्याची गोष्ट नव्हती. त्यांनी दोन मुलांचे स्वॅब घेतले. तिसऱ्या दिवशी दोन्ही निगेटिव्ह. गाव सुटलं, पण त्या आईने माझ्याशी महिनाभर धड बोलणं केलं नाही, आणि मला तिचा राग आला नाही.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा शिरला. निगेटिव्ह, ठीक. मग हे आहे काय? शाळा मार्चपासून बंद. पाहुणे नाहीत, जत्रा नाही, लग्नं नाहीत. बस दिवसाला एक, तीही रिकामी. आणि सगळ्यांत लागलेली गोष्ट म्हणजे मी दगडावर सॅनिटायझरची बाटली ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तळहातावर थेंब पडायचा, मी नसताना चौथीतला मोठा मुलगा ते काम करायचा. तो हातातली छत्री बाजूला ठेवून, रांग लावून, एकेकाला द्यायचा. मला वाटत होतं, आपण मुलांना सुरक्षित ठेवलंय.

माझी मावसबहीण म्हापशात लहान मुलांची डॉक्टर आहे. रात्री तिला फोन केला.

“ताई, सॅनिटायझर करोनाला लागू पडतो, फ्लूलाही पडतो,” ती म्हणाली. “त्या विषाणूंच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं. पण साध्या सर्दीचा जो मुख्य विषाणू, रायनोव्हायरस, त्याला ते आवरणच नाही. त्याच्यावर अल्कोहोलचा प्रभाव फार कमी. त्याला साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याने हातावरून घालवावा लागतो.”

मी गप्प बसले. बाटली डोळ्यांसमोर आली.

मग ती बरंच बोलली आणि मी वहीत लिहून घेतलं. ऑस्ट्रेलियात तेव्हा हिवाळा चालू होता, म्हणजे त्यांच्या फ्लूचा मोसम, आणि फ्लूचे रुग्ण जवळजवळ नाहीतच. विमानं बंद, माणसं घरात, फ्लूला पुढे जायला वाटच राहिली नाही. (नंतर तिनेच सांगितलं की फ्लूची ‘बी यामागाता’ नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेली नाही.) पण सर्दी टिकून राहिली. रायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, एकाची सर्दी झाली म्हणून दुसऱ्याची टळत नाही. मूल आजारी दिसत नाही, हिंडत राहतं, आणि नाक वाहायचं थांबलं तरी त्याच्याकडून विषाणू काही दिवस बाहेर पडतच असतो. लागण झाल्यावर दोन-तीन दिवसांत शिंका सुरू. हातावर तो काही तास टिकतो, आणि लहान मूल तर सारखं नाकाडोळ्यांना हात लावत असतं. घरातल्या मोठ्या माणसाला नुसता घसा खवखवल्यासारखं होतं, तो कामावर जाऊन येतो आणि तेवढ्यावर विषाणू घरात येतो.

“मोठ्यांची दारं बंद केलीत म्हणून मुलांची बंद होत नाहीत,” ती म्हणाली. “ती कुठे ना कुठे एकत्र येतातच. तू बघ, कुठे येतात.”

मला शोधायची गरजच नव्हती. मीच त्यांना तिथे बोलावत होते.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेतली. मुलांची नावं लिहायची नाहीत असं ठरवलं, वही कुणाच्या हाती पडली तर त्या घराला त्रास नको. म्हणून छत्र्या लिहिल्या. पिवळी, निळी मोडक्या काडीची, काळी बापाची, गुलाबी झालरीची, इरलंवाला. पावसाळ्यात प्रत्येकाची ओळख तीच होती. छत्रीपुढे तारीख, नाक, खोकला, ताप, आणि सगळ्यांत शेवटी ‘कोणाचा फोन’. मग मी मंगळवारऐवजी आठवड्यातून तीनदा माळावर जाऊन बसायला लागले. शिकवायला नव्हे, बघायला.

एक दुपार सांगते. पाऊस रिमझिम होता. काळ्या छत्रीखाली चार डोकी एकमेकांना चिकटून, मधे फोन. आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून दिलेला, आणि पिशवीवरूनच बोट फिरवायचं. पिशवीवर मुलांच्या श्वासाची वाफ जमायची. ज्याच्या हातात फोन तो ती मनगटाने पुसायचा, त्याच मनगटाने त्याने आत्ता नाक पुसलेलं. मग “माका दी, माका दी” करत पिशवी पुढच्याच्या हातात. तो ओठ पिशवीला लावून ‘ए ए ए’ असा आवाज काढायचा, कारण आवाज घुमतो. मास्क होते सगळ्यांना. पंचायतीने दिलेले कापडी मास्क पावसात भिजून हनुवटीखाली लोंबत होते, आणि एकावर कार्टूनचं चित्र होतं म्हणून तो मास्क त्या दुपारी तीन तोंडांवर फिरला. त्यांना कुणी मना केलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. पण ती चार महिन्यांनी एकमेकांना भेटत होती. मी ते पाहत राहिले आणि मला ओरडवलं नाही.

वही भरत गेली तशी एक गोष्ट दिसू लागली. सर्दी घरांच्या शेजारावरून चालत नव्हती. ओढ्यापलीकडच्या घरातल्या मुलाला ती आधी झाली, आणि पिवळ्या छत्रीच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्याला झालीच नाही. ओढ्यापलीकडचा मुलगा तिच्या फोनवर शिकायचा. शेजारचा मुलगा आपल्या थोरल्या बहिणीच्या फोनवर, दुसऱ्या काजूखाली, बहिणीबरोबर दोघंच. पहिल्या नऊ जणांतले सात जण दोन फोनांभोवतीचे होते. सतरा मुलांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. आणि सर्दी हवेतूनही जाते, एका छत्रीखाली डोकी जोडली की फोन नसला तरी जाईल. पण माझ्यापुरता मला रस्ता दिसला होता.

मग काय केलं ते लिहिते, कारण कुणाला उपयोग होईल.

शाळेतली पितळी घागर आणि एक तांब्या माळावर नेला. पाणी मुलंच ओढ्याजवळच्या नळावरून आणायची. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा घालून काजूच्या फांदीला बांधला, म्हणजे तो चिखलात पडत नाही आणि जाळीमुळे फेस चांगला येतो. फोनला हात लावायच्या आधी हात धुवायचे. पाढा म्हणत चोळायचे, पहिलीने दोनाचा, चौथीने बाराचा, म्हणजे वेळही पुरायचा आणि पाढेही व्हायचे. फोन हातात धरायचाच नाही, दगडाच्या खाचेत नारळाच्या करवंटीला टेकवून उभा करायचा, आणि व्हिडिओ चालवायचं काम दिवसाला एकाच मुलाचं. प्रत्येकाच्या सदऱ्याला सेफ्टी पिनने रुमाल, आमच्या लहानपणी असायचा तसा. ज्याचं नाक वाहतंय त्याने घरी राहायचं आणि मी त्याच्या ओसरीवर कागद नेऊन द्यायचे. हे शेवटचं सगळ्यांत जड गेलं. घरी राहणं म्हणजे गावाला कळणं. म्हणून मी ज्यांना काही नव्हतं अशा मुलांच्या घरीही मुद्दाम जायला लागले, म्हणजे बाई कुणाच्या ओसरीवर बसल्या यावरून कुणाला काही ताडता येऊ नये.

सॅनिटायझरची बाटली काढली नाही. करोनासाठी ती हवीच होती. पण तिची जागा साबणानंतरची झाली.

२२ ऑगस्टला चतुर्थी आली. गोव्यात चतुर्थीला मूळ घरी जावंच लागतं, त्या वर्षीही लोक गेले, कमी गेले पण गेले. पणजीहून, फोंड्याहून चुलते आले, त्यांची मुलं आली. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं बांधताना सगळ्या घरात मुलांचा एकच कालवा. चतुर्थी उलटून चार-पाच दिवस झाले आणि वहीत पुन्हा ‘नाक’ सुरू झालं. माझं मन खट्टू झालं. एवढं करून पुन्हा?

बहीण म्हणाली, “ताई, हा दुसरा प्रकार असेल. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं हे नेहमीचंच. तू मोज, किती जणांना झाली.”

सहा. तिघं तर एकाच घरातली भावंडं, चतुर्थीच्या घरातूनच घेऊन आलेली. माळावर ती फार पसरली नाही. सगळं श्रेय मी साबणाला देत नाही, त्या दिवसांत ऊनही पडलं होतं, मुलं छत्र्यांखालून बाहेर आली होती. पण अकरा आणि सहा यांतला फरक मी वहीत दोनदा अधोरेखित केला होता, ती रेघ अजून आहे.

नोव्हेंबरमध्ये बहिणीने हाँगकाँगची बातमी सांगितली. तिथे मुलं मास्क लावून, अंतर ठेवून शाळेत परतली होती, आणि तरीही सर्दीच्या साथी इतक्या उठल्या की बालवाड्या पुन्हा बंद कराव्या लागल्या. इंग्लंडमध्येही सप्टेंबरला शाळा उघडल्याबरोबर रायनोव्हायरस वर आला. एवढ्या मोठ्या शहरांत झालं तेच आमच्या माळावर झालं होतं.

२०२१ च्या मे महिन्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. संचारबंदी लागली, माळ ओस पडला, आणि इरलंवाल्याची आजी गेली. वहीची ती पानं कोरी आहेत.

प्राथमिक शाळा खऱ्या अर्थाने उघडल्या त्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. पहिली आणि दुसरीच्या मुलांनी वर्ग पाहिलेलाच नव्हता. बाकावर कसं बसायचं, पेन्सिल आपली आणि दुसऱ्याची कशी ओळखायची, डबा उघडायची घंटा कोणती, सगळंच नवं. पहिल्या आठवड्यात ती एकमेकांना सारखी हात लावत होती, जणू खरी आहेत की फोनमधली हे बघत होती. मार्च संपेपर्यंत वर्गात खोकल्याचा आवाज कधी थांबलाच नाही.

आणि मग तो पावसाळा. पिवळ्या छत्रीची मुलगी आता चौथीत होती, आणि तिला पाच महिन्यांचा भाऊ होता. तिला सर्दी झाली, साधी. पाचव्या दिवशी बाळाला झाली. त्याची आई, तीच, जी माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती, रात्री नऊ वाजता माझ्या दारात उभी. “बाई, जरा येऊन बघा हो. दूध घेत नाही.”

आजीने कषाय, म्हणजे काढा, करून ठेवला होता, छातीवर ओव्याची पुरचुंडी शेकत होती. मी बाळाचं अंगडं वर केलं. श्वास घेताना बरगड्यांच्या खालची कातडी आत ओढली जात होती, दर श्वासाला एक खळगा पडायचा. नाकपुड्या फुलत होत्या. मी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिने पाच सेकंद बघितलं असेल. “गाडी काढा. आत्ता.”

शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही गेलो. दुकानदाराची जीप, तोच. हॉस्पिटलात नाकातून नमुना घेतला, आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला. लहान बाळांच्या फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या त्याने सुजतात, चिकट पदार्थाने बुजतात. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ऑक्सिजन, नाक साफ करणं, नळीने दूध, आणि वाट बघणं. बाळ पाच दिवस तिथे होतं.

तिथल्या डॉक्टरांनी आईला नीट समजावलं, आणि ते मला फार आवडलं. आरएसव्ही दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठतो. पण दोन वर्षं बंद दारांमुळे तो फारसा फिरला नव्हता. आया त्याला भेटल्या नव्हत्या, त्यामुळे पोटातून बाळाला मिळणारं संरक्षणही कमी पडलं. थोरली भावंडंही त्याला न भेटता मोठी झाली होती. दारं उघडल्यावर तो सगळ्यांना एकदमच भेटायला आला. ऑस्ट्रेलियात तर तो २०२० च्या शेवटी ऐन उन्हाळ्यात उसळला, जपानमध्ये २०२१ मध्ये. आमच्याकडे आमच्या वेळी.

चौथ्या दिवशी मी वर्ग सुटल्यावर खिडक्या लावत होते. ती मुलगी दप्तर पाठीला लावून दाराशी तशीच उभी.

“बाई, ते माझ्यामुळे झालं ना?”

मी खाली बसले. दोन वर्षांपूर्वीची वही कपाटात होती, आणि तिच्या पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर ‘पिवळी’ लिहिलं होतं. तिला ते माहीत नव्हतं. मला त्या क्षणी त्या ओळीची फार खंत वाटली. मी तिला म्हणाले, “बाळाचा मुका कोण कोण घेतं?”

“आई, बाबा, आजी, मी, शेजारची मामी.”

“मग विषाणू कुणाच्या मुक्याबरोबर गेला ते कसं कळणार? तो सगळ्यांकडे होता. तू त्याची ताई आहेस, तू त्याला घेणारच. आता सर्दी झाली की आधी हात धुवायचे आणि मुका तळपायाला घ्यायचा. तेवढंच.”

ती थोडा वेळ विचार करत होती. “तळपायाला चालतो?”

“चालतो.”

घरी जाऊन मी वहीचं ते पहिलं पान फाडलं. बाकीची वही ठेवली आहे.

बाळ पुढे शाळेशेजारच्या अंगणवाडीत येऊ लागलं. नळाला जाळीच्या पिशवीत साबण तसाच लोंबत असतो, फक्त कपड्यांच्या साबणाऐवजी आता वासाचा. त्याचा हात तिथे पोचायचा नाही, म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात दंगा घातला, आणि आम्ही दोरी वीतभर खाली सोडली.